मुदत वाढली, पण बालकांचे वय थांबलेले नाही: जागतिक आरोग्य सभेतील विकसनशील देशांच्या प्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
जागतिक आरोग्य सभेतील विकसनशील देशांचे सर्व प्रतिनिधी, तसेच त्या देशांचे आरोग्यमंत्री आणि अर्थमंत्री यांस,

महोदय, महोदया,

मे २०२५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या ७८ व्या जागतिक आरोग्य सभेत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या वार्षिक बैठकीत, माता, अर्भके आणि लहान बालके यांच्या पोषणाची जागतिक उद्दिष्टे गाठण्याची मुदत २०२५ वरून २०३० पर्यंत वाढवण्यात आली. ही उद्दिष्टे याच सभेने २०१२ साली मान्य केली होती. पाच वर्षांखालील खुरटलेल्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) बालकांची संख्या ४० टक्क्यांनी कमी करायची, प्रजननक्षम वयातील स्त्रियांमधील रक्तक्षय निम्म्यावर आणायचा, कमी वजनाने जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटवायचे, बालकांमधील अतिवजन वाढू द्यायचे नाही, पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान मिळणाऱ्या बाळांचे प्रमाण निदान ५० टक्क्यांवर न्यायचे आणि कृश (उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या) बालकांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणायचे, असे ते सहा संकल्प होते. त्यांच्यासाठी तेरा वर्षे हाताशी होती.

या मुदतवाढीला माझा आक्षेप आहे आणि तो केवळ कागदावरच्या तारखेपुरता नाही. बालकाचे खुरटणे बहुतांशी गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत घडते. त्या काळात उंचीची आणि मेंदूची जी वाढ राहून जाते, ती पुढे फार थोडी भरून निघते. २०३० च्या अखेरीस पाच वर्षांखालील बालकांची मोजणी होईल, तेव्हा त्यात येणारे प्रत्येक मूल २०२५ संपल्यानंतर जन्मलेले असेल. याचा अर्थ असा की वाढवून मिळालेल्या पाच वर्षांत तयारीसाठी राखून ठेवता येईल असे एकही वर्ष नाही. ज्या बालकांबद्दल आपल्याला उत्तर द्यावे लागणार आहे, त्यांच्या माता आज गरोदर आहेत किंवा अजून शाळेत जाणाऱ्या मुली आहेत. आणि ज्यांचे हजार दिवस २०१२ ते २०२५ या काळात संपून गेले, त्यांना कोणत्याही सभेचा कोणताही ठराव मुदत वाढवून देऊ शकत नाही.

मी सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दिवसाचा एक भाग बालकांच्या विभागात जातो. तिथे दंडाचा घेर मोजण्याची फीत साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल पट्ट्यात, आली की मूल तीव्र कुपोषित ठरते आणि त्याला उपचारासाठी घ्यावे लागते. दुसरा भाग मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात जातो. या दोन खोल्यांत मला अनेकदा एकाच घरातील माणसे भेटतात. आजीला मधुमेह आणि रक्तदाब असतो, वजनही जास्त असते. तिची सून रक्तक्षयाने थकलेली असते आणि सुनेच्या कडेवरचे मूल वयाच्या मानाने खुजे असते. या तिघींची नोंद तीन निराळ्या कार्यक्रमांच्या तीन नोंदवह्यांत होते, तीन निराळे अधिकारी तिचे अहवाल वर पाठवतात आणि हे घर एक आहे, त्यातील स्वयंपाक एक आहे, ही गोष्ट कोणत्याच वहीत येत नाही. हे पत्र लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच आहे की या तिघींशी रोज मला बोलावे लागते, आणि काय खावे हे सांगून झाल्यावर 'हे आणायचे कशातून' या त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नसते.

आकडे आपल्यासमोर आलेलेच आहेत, तरी वाचकांसाठी ते इथे मांडते. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या संयुक्त अंदाजानुसार २०२४ मध्ये पाच वर्षांखालील १५ कोटी २ लाख बालके खुरटलेली होती. २०१२ चा संकल्प पुरा झाला असता तर ही संख्या १० कोटींच्या आसपास असती. उरलेली पाच कोटी बालके ही आपल्या न पाळलेल्या शब्दाची मोजदाद आहे. कृश बालके ४ कोटी २८ लाख आहेत, अतिवजन असलेली ३ कोटी ५५ लाख. निव्वळ स्तनपानाचे प्रमाण ३७ टक्क्यांवरून सुमारे ४८ टक्क्यांवर आले. सहांपैकी हीच काय ती खरी प्रगती, आणि ती झाली यासाठी प्रसूतिगृहांत व वस्त्यांत राबणाऱ्या परिचारिका आणि आरोग्यसेविकांचे आभार मानले पाहिजेत. स्त्रियांमधील रक्तक्षय मात्र निम्म्यावर येण्याऐवजी २०१२ मधील २७.६ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ३०.७ टक्क्यांवर चढला.

माझी सर्वात मोठी तक्रार या शेवटच्या आकड्याविषयी आहे, म्हणून तिथेच थोडे थांबते. सहा उद्दिष्टांपैकी याच एका बाबतीत आपण उलट दिशेने एवढे चाललो आणि तरीही एकाही राजधानीत त्यावरून सरकारला जाब विचारला गेल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. रक्तक्षयाने स्त्री एका दिवसात कोसळत नाही. ती पाणी भरते, मजुरी करते, मुले सांभाळते, फक्त हे सगळे धाप लागत करते, आणि तिच्या थकव्याला आळस म्हणण्याची सोय सगळ्यांनाच असते. प्रसूतीच्या वेळी थोडा जास्त रक्तस्राव झाला की हाच रक्तक्षय जीवावर बेततो. अशा मातेचे बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते आणि तेच बाळ पुढे माझ्या फितीच्या लाल पट्ट्यात येते. खुरटलेपणाचे उद्दिष्ट बालकांच्या रकान्यात लिहिलेले असले, तरी त्याची सुरुवात या रकान्यातून होते.

यावर आजवरचा सरकारी उपाय म्हणजे लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. त्या उपयोगी आहेत आणि त्या बंद व्हाव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. पण रक्तक्षय केवळ लोहाच्या कमतरतेने होत नाही. मलेरिया, अंकुशकृमी, वारंवार होणारे संसर्ग, मासिक पाळीतील अतिरक्तस्राव, आनुवंशिक रक्तदोष, बी-१२ आणि इतर जीवनसत्त्वांची उणीव, ही सगळी त्याची कारणे आहेत आणि प्रदेशागणिक त्यांचे प्रमाण बदलते. गोळ्या किती वाटल्या याचा हिशेब ठेवला जातो, पण हिमोग्लोबिन का कमी आहे याचा शोध घेतला जात नाही. गरोदर स्त्रियांसाठी पंधरा जीवनसत्त्वे आणि खनिजे एकत्र असलेली गोळी १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तयार केलेल्या सूत्रानुसार उपलब्ध आहे. २०२१ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही आली. जन्मतः कमी वजनाचा धोका ती केवळ लोह-फॉलिक गोळीपेक्षा अधिक कमी करते, हे अनेक देशांतील चाचण्यांतून दिसले आहे. श्रीमंत देशांतील गरोदर स्त्रिया अशा गोळ्या कित्येक दशके सहज घेत आल्या आहेत. गरीब देशांतील स्त्रीसाठी मात्र आपले खरेदी विभाग अजून विचारच करत आहेत.

दुसरी तक्रार नोंदवह्यांच्या त्या विभागणीविषयी आहे. भूक आणि स्थूलता हे दोन परस्परविरोधी प्रश्न आहेत, एक गरिबांचा आणि दुसरा सुखवस्तूंचा, हा समज आपल्या मंत्रालयांच्या रचनेत अजून पक्का बसलेला आहे. विज्ञानाने तो केव्हाच मागे टाकला. डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील जुन्या जन्मनोंदींवरून दाखवले की कमी वजनाने जन्मलेल्यांना उतारवयात हृदयविकाराचा धोका अधिक असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्या मुलांचा पुढे अनेक दशके अभ्यास झाला आणि त्यांच्यात साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. भारतातील पुणे परिसरातील ग्रामीण नवजात बालकांच्या अभ्यासात ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, तरीही अंगावरील चरबी त्या मानाने राखून असलेली दिसली. म्हणजे स्नायू आणि अवयव यांची वाढ थांबली, चरबी थांबली नाही. गर्भात उणिवेशी जुळवून घेतलेले असे शरीर पुढे स्वस्त साखर, स्वस्त तेल आणि मैदा यांच्या बाजारात वाढले की मधुमेह त्याला लवकर आणि कमी वजनावरच गाठतो. माझ्या बाह्यरुग्ण विभागातील आजी आणि बालकांच्या विभागातील नात या एकाच आजाराच्या दोन अवस्था आहेत, असे मी म्हणते ते यामुळे.

युनिसेफने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार ५ ते १९ वयोगटात स्थूल मुलांचे प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाले: ९.४ टक्के विरुद्ध ९.२ टक्के. २००० मध्ये हेच आकडे अनुक्रमे ३ आणि सुमारे १३ टक्के होते. पंचवीस वर्षांत कमी वजन हळूहळू उतरले आणि स्थूलता तिपटीने वाढली. स्थूल मुलांची संख्या आता १८ कोटी ८० लाख आहे. यातले फार थोडे मुलांच्या किंवा पालकांच्या सवयींवर ढकलता येईल. शाळेच्या दारात काय विकले जाते, मुलांच्या कार्यक्रमांत कशाची जाहिरात होते, आणि कोणते अन्न घराजवळ, स्वस्त आणि न नासणारे म्हणून मिळते, हे पालक ठरवत नाहीत.

तिसरी तक्रार बाजाराविषयी आहे, आणि इथे आपण कायदे करू शकत असूनही केले नाहीत. मातेच्या दुधाला पर्यायी उत्पादनांच्या विक्रीवरील आंतरराष्ट्रीय संहिता मे १९८१ मध्ये ११८ विरुद्ध १ मताने संमत झाली. चार दशके उलटून गेली तरी ती आपापल्या कायद्यात पूर्णपणे उतरवणारे देश थोडे आहेत आणि उतरवली तिथेही दंडाची अंमलबजावणी तुरळक आहे. मधल्या काळात जाहिरात मोबाईलवर गेली. गरोदरपणाची माहिती देणारी ॲप्स, मातांचे गट, समाजमाध्यमांवरील सल्लागार यांच्यामार्फत ती नेमकी त्या आठवड्यात मातेपर्यंत पोहोचते, ज्या आठवड्यात तिला आपले दूध पुरत नाही अशी शंका येते. या डिजिटल जाहिरातींवर नियंत्रण आणण्याचा ठरावही आपण त्याच मे २०२५ च्या सभेत केला. तो ठराव चांगला आहे. पण आईला वरच्या दुधाच्या जाहिरातीपासून वाचवायचे ते काम तिच्या देशाच्या कायद्यालाच करावे लागेल.

ट्रान्स फॅटची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. अर्धवट हायड्रोजनीकरण केलेल्या तेलातील हा घटक हृदयविकाराचा धोका वाढवतो, त्याचा शरीराला काहीही फायदा नाही आणि त्याला पर्याय उपलब्ध आहेत. डेन्मार्कने २००३ मध्येच त्यावर मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हाक दिली की २०२३ पर्यंत तो जगाच्या अन्नातून हद्दपार व्हावा. २०२३ संपले तेव्हा ५३ देशांत योग्य नियम लागू होते आणि त्यांचे संरक्षण सुमारे ३७० कोटी लोकांना, म्हणजे जगाच्या निम्म्याहून कमी लोकसंख्येला, मिळत होते. या कामाला औषधे लागत नाहीत, रुग्णालये लागत नाहीत. एक अधिसूचना आणि काही प्रयोगशाळा पुरतात. तेही न करण्याचे कारण आपल्यापैकी ज्यांच्या देशांत हा नियम अजून नाही, त्यांनी जाहीरपणे सांगावे.

'आमच्यासारख्या देशांना हे परवडत नाही' असे उत्तर मिळते, म्हणून काही देशांची नावे घेते. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर कर लावला. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांची खरेदी सुमारे १० टक्क्यांनी घटली आणि गरीब घरांत ती अधिक घटली. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले, मुलांना उद्देशून होणाऱ्या त्यांच्या जाहिराती बंद केल्या आणि शाळांमधील विक्री थांबवली. तिथे साखरयुक्त पेयांची खरेदी पहिल्या टप्प्यातच जवळजवळ चतुर्थांशाने कमी झाली. दक्षिण आफ्रिकेने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार आकारणी सुरू केल्यावर उत्पादकांनी स्वतःहून पेयांतील साखर कमी केली. कोलंबियाने २०२३ मध्ये अतिप्रक्रियायुक्त पदार्थांवरच कर बसवला. ट्रान्स फॅट हटवल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळालेल्या पहिल्या पाच देशांत थायलंड आहे. हे सगळे विकसनशील म्हणवले जाणारेच देश आहेत आणि करातून तर उलट पैसा मिळतो.

चौथी तक्रार तीव्र कुपोषणाच्या उपचाराविषयी आहे. शेंगदाणे, दूध भुकटी, तेल, साखर आणि जीवनसत्त्वे यांचे तयार उपचारात्मक खाद्य १९९० च्या दशकात फ्रान्समधील बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रियां यांच्या प्रयत्नांतून विकसित झाले. पाणी न मिसळता, न शिजवता ते घरीच देता येते. त्यामुळे गुंतागुंत नसलेल्या मुलाला रुग्णालयात ठेवावे लागत नाही. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी घरगुती उपचाराच्या या पद्धतीला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये हे खाद्य आवश्यक औषधांच्या यादीत आले. एवढे सगळे झाल्यावरही बहुसंख्य गरीब देशांत त्याची खरेदी परदेशी मदतीवर चालते. ही मदत किती अशाश्वत असते ते २०२५ ने दाखवून दिले. अमेरिकेने जानेवारीत परदेशी मदत गोठवली आणि जुलैमध्ये ती मदत पोहोचवणारी यूएसएड ही सरकारी संस्था बंद झाली. ब्रिटनने आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. मदत देणाऱ्या देशांना मी दोष देतेच. अर्धवट उपचार झालेल्या मुलाचे खाद्य मध्येच थांबवणारा निर्णय कोणत्याही अर्थसंकल्पीय कारणाने समर्थनीय ठरत नाही. पण आपल्या बालकांचे प्राण दुसऱ्या देशाच्या निवडणुकीवर अवलंबून ठेवण्याचा निर्णय आपणच वर्षानुवर्षे घेत आलात.

मदत गेली तेव्हा आणखी एक गोष्ट गेली आणि तिची चर्चा कमी झाली. १९८४ पासून ९० हून अधिक देशांत होत आलेली लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे अमेरिकेच्या याच निधीवर उभी होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो कार्यक्रम थांबवण्यात आला. खुरटलेपणा, रक्तक्षय, स्तनपान यांचे आकडे अनेक देशांना याच सर्वेक्षणांतून मिळत होते. पुढे काही सर्वेक्षणांसाठी दुसरीकडून निधी मिळाला, पण सगळी व्यवस्था पूर्ववत झालेली नाही. उद्दिष्टाची मुदत वाढवायची आणि मोजण्याचे साधन गमवायचे, याचा परिणाम २०३० मध्ये काय होईल हे मला सांगायला नको.

आता पैशाविषयी. २०२४ मध्ये सुमारे २६० कोटी लोकांना पौष्टिक आहार परवडत नव्हता. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी जेमतेम एकतृतीयांश बालकांना किमान विविधता असलेला आहार मिळतो. बाकीच्यांचे पोट धान्य किंवा कंदमुळे यांवर भरते, पण डाळ, अंडे, दूध, भाजी, फळ त्यांच्या वाटीत येत नाही. माझ्या व्यवसायातील सर्वात कठीण काम म्हणजे अशा घराला संतुलित आहाराचा तक्ता देणे. मी तो देते, कारण मला तेच करता येते. तो तक्ता खरा होण्यासाठी जे करावे लागेल ते कृषी आणि अर्थ मंत्रालयांच्या हाती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की जगभरात शेतीला वर्षाला सुमारे ५४,००० कोटी डॉलरचे सरकारी पाठबळ मिळते आणि त्यातील ८७ टक्के किमती विकृत करणारे अथवा निसर्ग आणि आरोग्य यांना अपायकारक आहे. त्याचा मोठा भाग मोजक्या पिकांकडे जातो. पोषणावरील ठोस उपायांसाठी मात्र वर्षाला सुमारे १,३०० कोटी डॉलर जादा लागतील, आणि गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे २३ डॉलरचा परतावा मिळेल, असा जागतिक बँकेचा २०२४ चा हिशेब आहे. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात लहानग्यांना पूरक आहार देण्यात आला होता. ज्या मुलांना प्रथिनयुक्त पेय आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत मिळाले, ती मोठी झाल्यावर त्यांच्यातील पुरुषांची तासाची कमाई इतरांपेक्षा सुमारे ४६ टक्के अधिक होती. अर्थमंत्र्यांनी आरोग्यमंत्र्यांचे ऐकले नाही तरी निदान हा आकडा ऐकावा.

युद्ध, कर्जाचे हप्ते, बुडालेली पिके या अडचणी मला ठाऊक आहेत. सुदानमध्ये २०२४ साली आणि गाझात २०२५ साली उपासमारीची परिसीमा गाठल्याचे जाहीर झाले. तिथल्या बालकांना आहारतक्त्याआधी युद्धबंदी हवी आहे, हे मी मान्य करते. पण ज्या देशांत युद्ध नाही त्यांनी या कारणामागे लपू नये. नेपाळ यादवीतून आणि भूकंपातून गेला, तरी तिथला खुरटलेपणा २००१ मधील ५७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २५ टक्क्यांवर आला. पेरूने २००८ मधील २८ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत १३ टक्के गाठले. तिथे निधी निकालांशी जोडला गेला, गरीब मातांना रोख मदत मिळाली आणि बालकाच्या वाढीची तपासणी नियमित झाली. ब्राझीलमध्ये १९७४-७५ ला ३७ टक्के असलेले प्रमाण २००६-०७ पर्यंत ७ टक्क्यांवर आले, आणि त्यामागे मुलींचे शिक्षण, गरीब घरांची वाढलेली क्रयशक्ती, पाणी व सांडपाण्याची सोय आणि आरोग्यसेवा असे सगळे एकत्र होते. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखली. एकाच निर्णयात शेतकरी आणि विद्यार्थी दोघांचा विचार झाला, तसा विचार इतर ठिकाणी का होत नाही?

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक सरकारने पुढील जागतिक आरोग्य सभेपूर्वी सहाही उद्दिष्टांवरील आपली स्थिती, कुठे आणि का कमी पडलो याच्या कारणांसह, आपल्या संसदेसमोर ठेवावी आणि लोकांच्या भाषेत प्रसिद्ध करावी. त्यानंतर हे दरवर्षी व्हावे, २०३० ची वाट पाहू नये.

कुपोषण आणि आहाराशी निगडित असंसर्गजन्य आजार यांचे नियोजन एका अधिकाराखाली यावे. अर्थसंकल्पात पोषणाचा खर्च स्वतंत्र शीर्षाखाली दिसावा, म्हणजे तो कापला गेला तर नागरिकांना कळेल.

गरोदर स्त्रियांना बहुपोषक गोळी सार्वजनिक आरोग्य केंद्रांतून मोफत मिळावी, आणि किशोरवयीन मुलींपासून रक्तक्षयाची केवळ तपासणी न होता कारणाचे निदान व्हावे. मुलीच्या पहिल्या गरोदरपणाची वाट पाहणे म्हणजे हजार दिवसांतील पहिले शंभर हातचे घालवणे आहे.

तीव्र कुपोषणाचे उपचारात्मक खाद्य देशाच्या स्वतःच्या औषधखरेदीत समाविष्ट करावे, शक्य तिथे देशातच बनवावे आणि निदान वर्षभराचा साठा कायम ठेवावा. मदत आली तर ती या साठ्यात भर म्हणून यावी.

१९८१ ची संहिता डिजिटल जाहिरातींसह कायद्यात यावी. ट्रान्स फॅट एकूण चरबीच्या १०० ग्रॅममागे २ ग्रॅमपर्यंत मर्यादित करावे. वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा इशारा असावा. साखरयुक्त पेयांवर कर लागावा आणि त्याचे उत्पन्न शाळेतील आहार व पिण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवावे. हे नियम ठरवणाऱ्या समित्यांवर, ज्यांच्या मालाचे नियमन व्हायचे आहे, त्यांचे प्रतिनिधी नसावेत.

शेतीच्या पाठबळाचा ठरावीक, दरवर्षी वाढणारा हिस्सा कडधान्ये, भाज्या, फळे, अंडी आणि दूध यांच्या उत्पादन, साठवण व वाहतुकीकडे वळवावा, आणि शाळा, अंगणवाड्या व रुग्णालये यांच्या खरेदीत स्थानिक लहान शेतकऱ्यांचा वाटा कायद्याने निश्चित करावा.

पोषणाची सर्वेक्षणे देशाच्या स्वतःच्या निधीतून, स्वतंत्र सांख्यिकी यंत्रणेमार्फत, ठरलेल्या अंतराने व्हावीत आणि त्यांची कच्ची माहिती संशोधकांना खुली असावी.

यातील कोणती मागणी आपल्या देशात कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल आणि जी होणार नसेल ती कोणत्या कारणाने, याचे उत्तर मला व्यक्तिशः नको. ते आपल्या नागरिकांना जाहीरपणे द्यावे, एवढी विनंती आहे.

आपली नम्र,
सरकारी रुग्णालयातील एक आहारतज्ज्ञ